जुनी वॅगनआर की जुनी टियागो? घरातली पहिली गाडी, मदत हवी आहे

नवखी_चालक | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्या घरात आजवर चारचाकी नव्हती, आता आईसाठी घ्यायची आहे. गेल्या दिवाळीनंतर तिच्या डाव्या गुडघ्याचं प्रत्यारोपण झालं, उजवाही दुखतो. आम्ही पुण्यात, वारज्यात राहतो. आठवड्यातून दोनदा एरंडवण्यात फिजिओथेरपी असते आणि महिन्यातून दोनदा भोरजवळ गावी जाणं होतं. रिक्षात चढताना ती दांडा धरते आणि श्वास रोखते, ते मला बघवत नाही.

हिशोब केला तर वर्षाला सहा-सात हजार किलोमीटरच्या पुढे गाडी चालणार नाही, म्हणून डिझेल आणि सीएनजी दोन्ही सोडून दिलं. परवाना मिळून आठ महिने झाले. भावाची गाडी चालवून हात बसलाय, पण बॉनेटखालचं काही कळत नाही. सगळा खर्च धरून साडेचार लाखांच्या वर जाता येणार नाही. महिनाभर फिरून दोन गाड्यांवर आलेय.

पहिली वॅगनआर. व्हीएक्सआय प्रकारातली, १.२ लिटरची, ऑगस्ट २०१९ ची, पांढरी, एमएच १४. मीटरवर ४१,००० किलोमीटर. दुसऱ्या मालकाची. नगर रस्त्यावरच्या एका डीलरकडे उभी आहे, ४ लाख ३० हजार सांगतोय. आतून-बाहेरून अगदी नव्यासारखी आहे.

दुसरी टियागो. एक्सझेड पेट्रोल, नोव्हेंबर २०१८ ची, एमएच १२. ६८,००० किलोमीटर झालेत. सहकारनगरमधले एक निवृत्त काका स्वतः विकतायत, पहिलेच मालक. ३ लाख ६५ हजार म्हणाले. मागच्या बंपरवर ओरखडा आहे, सीटकव्हर विटलीत आणि गाडी उभी असताना स्टिअरिंग थोडं थरथरतं.

माझं मन वॅगनआरकडे ओढ घेतंय. उंच असल्यामुळे आई तिच्यात सहज बसेल, आणि सत्तावीस हजार किलोमीटर कमी चाललेली गाडी तेवढी जास्त टिकेल असं मी धरून चाललेय. चूक असेल तर सांगा. डीलर म्हणतो सोमवारी दुसरं गिऱ्हाईक टोकन, म्हणजे आगाऊ रक्कम, देणार आहे, त्यामुळे उद्यापर्यंत ठरवायचंय.

वारजेकर | शनिवार, रात्री १०.०५

वॅगनआर घ्या. सुटे भाग गल्लोगल्ली मिळतात, मेकॅनिक कुठलाही चालतो, चार वर्षांनी विकायला काढली तरी आठवड्यात जाईल. ज्येष्ठांना चढायला-उतरायला तिच्यासारखी गाडी नाही. माझे सासरे कंबरेच्या दुखण्यातही तिच्यातून हिंडायचे.

पाना_हातात | शनिवार, रात्री ११.२०

ताई, बावीस वर्षं गॅरेजमध्ये काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या सोमवारच्या गिऱ्हाइकाचं. ते नेहमीच असतं. गाडी गेली तर जाऊ द्या, पुण्यात वॅगनआरला तोटा नाही. उद्या टोकन देऊ नका.

मॉडेल म्हणून दोन्ही गाड्या धडधाकट आहेत. सहा-सात वर्षांनंतर मात्र गाडीची तब्येत ती कोणी आणि कशी वापरली यावर ठरते. एकाच दिवशी शोरूममधून बाहेर पडलेल्या दोन वॅगनआरपैकी एक आज उत्तम आणि दुसरी भंगार असू शकते. म्हणून मी आधी मालक बघतो, मग बिलं आणि सगळ्यात शेवटी मीटर. डिजिटल मीटरही मागे घेता येतं. जुन्या काट्याच्या मीटरपेक्षा ते सोपं झालंय, लॅपटॉप जोडला की काम होतं.

तुम्हाला बॉनेटखालचं कळत नसलं तरी चालेल. डोळ्यांनी दिसणाऱ्या चार गोष्टी बघून या. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. समजा २०२३ असं लिहिलं असेल, तर तो टायर २०२३ सालच्या विसाव्या आठवड्यात बनलाय. चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे लिहून आणा, फोटो काढले तर आणखी चांगलं. क्लच-ब्रेकच्या पेडलची रबरं, स्टिअरिंगची वरची कड आणि गिअरची मूठ बघा. चाळीस हजारांत ती गुळगुळीत होत नाहीत. पुढचं दार उघडून फेंडरचे (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे) आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कारखान्यात बोल्ट बसवल्यावर त्यावर रंग चढतो. रंग कोपऱ्यावर तडकला असेल तर त्यावर पाना फिरलाय. आणि विम्याची चालू पॉलिसी मागा, त्यात नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती टक्के लिहिलाय ते बघा.

टियागोच्या थरथरीला लगेच घाबरू नका. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं आहे, उभ्या गाडीत ते थोडं हलतंच. वॅगनआरचं १.२ चार सिलिंडरचं, ते शांत असणारच. टियागोचं थरथरणं एसी लावल्यावर फार वाढलं किंवा ठक असा आवाज आला, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनाचे रबरी आधार, बघावे लागतील.

सहकारनगरवासी | रविवार, सकाळी ७.१५

टियागो सहकारनगरची आहे म्हणून लिहितोय. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा आमच्या भागात, अरण्येश्वरला, पुढे दांडेकर पुलापर्यंत शेकडो गाड्या पाण्यात गेल्या. आमच्या सोसायटीच्या भिंतीवरून पाणी आलं होतं. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून नंतर विकल्या गेल्या. काकांना थेट विचारा की त्या रात्री गाडी कुठे होती. सिंहगड रस्त्यावरची गाडी असती तर २५ जुलै २०२४ बद्दलही विचारायला सांगितलं असतं, एकता नगरीत तेव्हा खडकवासला धरणाचं पाणी शिरलं होतं.

पुरातली गाडी ओळखायची असेल तर सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर चिखलाची रेघ राहते, तिथे कोणी धूत नाही. सीटच्या खालच्या पट्ट्या आणि स्प्रिंग गंजलेत का बघा. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात हात फिरवा. आणि काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. ओल्या जाजमाचा वास सेंटने दबतो, पण पुरता जात नाही.

सीटबेल्ट_आधी | रविवार, सकाळी ९.५०

एक प्रश्न अजून कोणी विचारला नाही. आई कुठे बसणार? पुढे बसणार असतील तर त्या वॅगनआरच्या डॅशबोर्डवर डाव्या बाजूला एअरबॅगचं चिन्ह आहे का ते आधी बघा. २०१९ च्या व्हीएक्सआयमध्ये शेजारच्या सीटची एअरबॅग ऐच्छिक होती, झेडएक्सआय या वरच्या प्रकारात कंपनीच द्यायची. शेजारच्या सीटसाठी ती सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली २०२१ संपता संपता. म्हणजे ज्या सीटवर आईला बसणं सोपं जातंय, त्याच सीटपुढे एअरबॅग नसण्याची शक्यता आहे. टियागोच्या एक्सझेडमध्ये दोन्ही असतात.

गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१९ मध्ये वॅगनआरला प्रौढांच्या सुरक्षेसाठी दोन तारे दिले, जानेवारी २०२० मध्ये टियागोला चार. पण ते तारे तेव्हा तपासलेल्या गाडीचे आहेत, प्रत्येक जुन्या टियागोवर ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला नाही तर बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर जास्त वाईट, कोणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

नवखी_चालक | रविवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन दिलं नाही. आज भावाला घेऊन दोन्हीकडे गेले आणि तुम्ही सांगितलेलं सगळं वहीत उतरवून आणलं.

वॅगनआर: चारही टायरवर २०२३, म्हणजे दादांनी उदाहरण दिलं होतं तोच आकडा निघाला. नक्षी साधारण निम्मी उरलीय. स्टेपनी २८१९. क्लचचं रबर एका बाजूने सपाट झालंय. डावीकडच्या फेंडरच्या दोन बोल्टवर रंग तडकलाय आणि डावा हेडलाइट उजव्यापेक्षा जास्त पारदर्शक आहे. सर्व्हिस बुकात शेवटचा शिक्का फेब्रुवारी २०२२ चा, २९,८०० किलोमीटरला. त्यानंतर पानं कोरी. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) दुसरा मालक मार्च २०२३ पासून आहे. पॉलिसी या वर्षीच्या मार्चची, म्हणजे मार्च २०२५ ची, नो क्लेम बोनस शून्य. डावीकडे एअरबॅगचं चिन्ह नाही. डीलरला आधीच्या मालकाचा नंबर मागितला तर म्हणाला, आम्ही देत नाही.

टियागो: टायर २०२१ चे, स्टेपनी ४०१८. बोल्टवरचा रंग शाबूत आहे. काकांनी प्लॅस्टिकची एक पिशवी पुढे ठेवली, त्यात पहिल्या दिवसापासूनची बिलं तारखेप्रमाणे लावलेली. पुराच्या रात्रीबद्दल विचारायला मला संकोच वाटत होता, पण विचारलं. ते म्हणाले की तेव्हा गाडी नाशिकला मुलीकडे होती. मग त्यांनीच पिशवीतून २७ सप्टेंबर २०१९ चं नाशिकच्या वर्कशॉपचं बिल काढून दाखवलं. सीटबेल्ट पूर्ण ओढून पाहिला, स्वच्छ आहे.

आई आज बरोबर नव्हती.

पाना_हातात | रविवार, रात्री १०.१०

ताई, वॅगनआरचा हिशोब तुमच्याच आकड्यांवरून मांडतो.

कंपनीचे टायर साध्या वापरात चाळीस हजारांच्या आसपास जातात, काहींचे पन्नासपर्यंत. ते २०२३ मध्ये बदलले. नवे टायर निम्मे झिजलेत, म्हणजे त्यांच्यावरही वीस हजार तरी धरा. बेरीज साठाच्या पुढे जाते आणि मीटर म्हणतं एक्केचाळीस. पहिले टायर कापले गेले म्हणून लवकर बदलले असतील, असंही होऊ शकतं. पण एखादा टायर कापला जातो, चारही एकदम बदलावे लागत नाहीत.

विम्याचं बघा. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर जात नाही. दुसऱ्या मालकाने मार्च २०२३ मध्ये शून्यापासून सुरुवात केली असणार. एक वर्ष दावा नाही तर वीस टक्के, दोन वर्षं नाही तर पंचवीस. या मार्चला पंचवीस दिसायला हवे होते. शून्य दिसतंय, म्हणजे मागच्या वर्षी दावा केलाय किंवा पॉलिसी मध्ये खंडित झालीय. डाव्या फेंडरशी आणि नव्या दिव्याशी हे जुळतं.

फेंडर बदलला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही, हेही सांगतो. बॉनेट, फेंडर, दार, बंपर हे सगळं बोल्टने बसतं, पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये कोणाचंही बदलतं. त्याच्या आत इंजिनाशेजारी पत्र्याचं एप्रन असतं, पुढे चॅसिसचे दोन दांडे आणि दारांमधले पिलर. ते कापून वेल्डिंग केलेलं असेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी सोडायची. कारखान्यातलं वेल्डिंग सारख्या अंतरावर गोल ठिपक्यांचं असतं, हाताने केलेलं ओबडधोबड दिसतं. मेकॅनिकला फक्त तेवढंच दाखवायला सांगा.

स्वतःचा मेकॅनिक न्या, डीलरने सुचवलेला नको. हजार-पंधराशे घेईल, ते द्या. त्याच्याकडे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर आहे का विचारा.

वारजेकर | रविवार, रात्री १०.४०

दादांचं म्हणणं पटलं, ही वॅगनआर नको. पण म्हणून टियागोच घ्यावी असं मला वाटत नाही. दुसरी वॅगनआर शोधा, झेडएक्सआय, दोन एअरबॅगवाली. महिना लागला तर लागू दे. गुडघ्याचं माणूस रोज वाकून बसणार आणि उठणार आहे, हे विसरू नका.

सांधेसखी | सोमवार, दुपारी १.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वारजेकरांची काळजी खरी आहे. सीट जितकी खाली तितका उठताना गुडघ्यावर भार जास्त. पण बसण्याची पद्धत बदलली तर बराच फरक पडतो आणि बहुतेकांना ती कोणी शिकवलेली नसते.

आधी पुढची सीट पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. आईंनी सीटकडे पाठ करून उभं राहायचं, सीटची कड पायांना मागून लागेपर्यंत मागे यायचं. ऑपरेशन झालेला पाय किंचित पुढे ठेवायचा, हाताने सीट चाचपायची आणि आधी बसायचं. मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. एक पाय आत टाकून मग अंग आत ओढायची सवय असते, ती मोडा. उतरताना याच्या उलट. वळायला कापड अडखळत असेल तर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरा, बसून झाल्यावर ओढून काढा, नाहीतर ब्रेक लागल्यावर माणूस पट्ट्याखाली घसरतं. सीट खूपच खाली वाटली तर कडक, पातळ उशी ठेवा. मऊ स्पंजमध्ये माणूस आणखी रुततं. दार उघडं असताना दाराला धरून उठू देऊ नका, ते हलतं.

रस्त्याच्या कडेला दोन-तीन इंच उंच पदपथ असेल तर गाडी त्यापासून लांब उभी करा. पदपथावर उभं राहून खालच्या सीटवर बसणं सगळ्यात अवघड. आईंना प्रत्यक्ष बसवून बघितल्याशिवाय कुठलीच गाडी ठरवू नका.

घाटवाट | सोमवार, रात्री ९.००

चालवून बघायला सोसायटीभोवती चक्कर मारू नका. पौड रस्त्याकडून एआरएआय टेकडीच्या चढावर जा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवून रेस द्या. इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग त्या मानाने वाढत नाही, असं झालं तर क्लचप्लेट घसरतेय. उतरताना मोकळा रस्ता बघून स्टिअरिंगवरची पकड क्षणभर सैल करा, गाडी एका बाजूला ओढते का कळेल. नंतर खड्ड्यांचा रस्ता, एसी आणि रेडिओ बंद, काचा खाली. पुढून खट-खट आलं तर बहुधा चाकाजवळच्या जोडणीतला बुश किंवा लिंक रॉड, ते स्वस्तातलं काम आहे.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा इंजिन थंड हवं. तुम्ही पोचण्याआधीच गाडी तापवून ठेवली असेल तर सुरू होतानाचा त्रास आणि धूर दोन्ही लपतात. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवून बघा.

नवखी_चालक | शुक्रवार, रात्री १०.१५

बुधवारी मेकॅनिकला घेऊन आधी नगर रस्त्याला गेले. वॅगनआरच्या बॉनेटवर हात ठेवला तर कोमट लागलं. एप्रन सरळ आहे, वेल्डिंग मूळचं आहे असं मेकॅनिक म्हणाला, म्हणजे मार मोठा नव्हता. मग त्याने स्कॅनर लावला. दोष एकही दिसला नाही, पण दोष पुसल्यापासून गाडी किती चालली तो आकडा १९ किलोमीटर आला, म्हणजे दोषांची नोंद नुकतीच पुसली गेली होती. डीलर म्हणाला बॅटरी बदलली म्हणून तसं दिसतंय. मेकॅनिक म्हणाला असं होऊ शकतं, पण बॅटरीवर तर गेल्या वर्षीची तारीख आहे. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घेऊ का, पैसे मी देते, असं विचारल्यावर डीलरने गाडी यार्डाबाहेर सोडायला नकार दिला.

मी काही सिद्ध करू शकत नाही. पण तिथून निघताना मला हलकं वाटलं.

काल आईला घेऊन सहकारनगरला गेलो. काकांनी गाडी सकाळपासून सुरू केली नव्हती. मेकॅनिकने एआरएआयच्या चढावर नेली, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतोय असं त्याला वाटलं आणि मलाही ऐकू आलं. डावीकडचा लोअर आर्मचा बुश गेलाय. बॅटरी जुनी आहे. क्लचसेटला मजुरीसकट अकरा हजार, बुशला तीन आणि बॅटरीला पाच असा त्याचा अंदाज. तेल आणि कूलंट स्वच्छ, धूर नाही, स्कॅनरवर दोष नाही, पत्रा सगळा मूळचा. थरथर तीन सिलिंडरचीच आहे म्हणाला.

सांधेसखी, तुमचं लिहिलेलं मी आईला घरी दोनदा वाचून दाखवलं होतं. पहिल्यांदा ती सवयीने उजवा पाय आत टाकायला गेली आणि कळवळली. मग पाठ करून उभी राहिली, सीट चाचपली, बसली आणि वळली. उतरताना काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी हात पुढे केला तर आई म्हणाली, 'थांबा, मला एकटीला उठू द्या.' दोन प्रयत्न लागले. मग ती परत बसली आणि परत उठली, कोणी सांगितलं नसताना.

काकांना मेकॅनिकचा कागद दाखवला. त्यांनी तो पूर्ण वाचला आणि ३ लाख ४० हजार म्हणाले. मी घासाघीस केली नाही. दहा हजार टोकन दिलं.

आता अडचण अशी की आरसीवर बँकेचा बोजा दिसतोय. काका म्हणतात कर्ज २०२१ मध्येच फिटलं, बँकेचं पत्रही दाखवलं. पुढे काय करू?

कागदपत्री | शनिवार, सकाळी ८.००

टोकनवर थांबलात ते योग्य केलंत. उरलेले पैसे बोजा उतरेपर्यंत देऊ नका.

कर्ज फिटलं तरी आरसीवरची नोंद आपोआप जात नाही. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्यावर जाते. त्या पत्राला बहुधा तीन महिन्यांची मुदत असते, त्यामुळे २०२१ चं पत्र चालणार नाही. काकांना शाखेतून नवं काढावं लागेल. ते त्यांचं काम आहे, पण तुम्ही बरोबर गेलात तर लवकर होईल.

हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३०, दोघांच्या सह्या. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसलीय का बघा. नसेल तर आरटीओतली कामं अडतात. दंडाच्या चलनांची थकबाकी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून बघा, ती गाडीच्या नावावर राहते. पीयूसी चालू हवी. आरसीची मुदत नोंदणीपासून पंधरा वर्षं, म्हणजे नोव्हेंबर २०३३ पर्यंत तुम्हाला त्याची काळजी नाही.

विम्याकडे लोक दुर्लक्ष करतात. खरेदीपासून चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्या. काकांचा पन्नास टक्के बोनस असेल तर तो त्यांच्याकडे राहील आणि फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. ते पैसे हिशोबात धरा.

गाडी ताब्यात घेताना एका कागदावर तारीख, घड्याळातली वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांनी सह्या करा. यात काकांचंही रक्षण आहे. आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. विकून टाकली एवढं म्हणून जुना मालक सुटत नाही.

दुसऱ्या वाचकांसाठी एक जोडतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक आहे. यार्डात गेल्यावर ते दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याच्याकडे पुढचं काही बघूच नका.

वारजेकर | शनिवार, सकाळी ९.२०

अभिनंदन. मी अजूनही झेडएक्सआय शोधली असती, पण आई स्वतः दुसऱ्यांदा बसल्या हे वाचून बरं वाटलं. क्लचचं काम आपल्या भागात करायचं असेल तर सांगा, माझा माणूस आहे.

नवखी_चालक | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.१०

उशिरा लिहितेय, पण धागा अर्धवट ठेवायचा नव्हता.

बँकेचं नवं पत्र मिळायला सोळा दिवस लागले. काका तीनदा शाखेत गेले, दोनदा मी बरोबर होते. बोजा उतरला त्या दिवशी उरलेले पैसे दिले. नंबरप्लेट त्यांनी आधीच बसवून घेतली होती. दोन चलनं निघाली, ती त्यांनी भरली. हस्तांतराचा अर्ज केला आणि संगम पुलाजवळच्या आरटीओत कागद दिले. आरसी अजून यायची आहे, ऑनलाइन मात्र माझं नाव दिसायला लागलंय. विम्यात फरकाचे तीन हजार आठशे भरले. क्लच, बुश, बॅटरी मिळून एकोणीस हजार पाचशे. सगळं धरून बजेटपेक्षा ऐंशी हजारांच्या वर शिल्लक आहेत, ते आईच्या दुसऱ्या गुडघ्यासाठी बाजूला ठेवलेत.

कोणी लिहिली नव्हती अशी एक गोष्ट: फास्टॅग. काचेवर काकांचा होता आणि तो बंद केल्याशिवाय त्याच गाडीवर मला नवा मिळेना. विकणाऱ्याला पहिल्याच दिवशी तो बंद करायला सांगा.

काल भोरला जाऊन आलो. नवले पुलाजवळ ट्रकांच्या मध्ये मी फार सावकाश होते, मागून हॉर्न वाजत होते. आई पट्टा लावून शेजारी होती, म्हणाली, 'वाजवू देत.' कापूरहोळला चहाला थांबलो. तिथे गाडी जरा उतारावर उभी राहिली होती आणि तिला उठता येईना, मग मी गाडी दहा फूट पुढे सपाट जागेवर घेतली. आता गाडी उभी करताना आधी जमीन बघते.

गावी पोचल्यावर शेजारच्या वहिनी हात द्यायला धावल्या. आईने त्यांना थांबवलं आणि कसं बसायचं, कसं उतरायचं ते सगळं करून दाखवलं. त्यांच्या सासूबाईंनाही बसवून पाहिलं.

सांधेसखी, सीटवर ठेवायची कडक उशी तयार मिळते की गादीवाल्याकडून करून घ्यावी? साधारण किती जाडीची?

सांधेसखी | रविवार, रात्री ९.४५

गादीवाल्याकडूनच करून घ्या. दाबल्यावर बोट रुतणार नाही असा कडक फोम सांगा, दीड-दोन इंच पुरे. पुढे आणि मागे सारखीच जाडी ठेवा आणि खाली न घसरणारं कापड लावा. जुनी खादीची चादर असेल तर तिचा अभ्रा शिवा, उन्हाळ्यात चिकटत नाही.